विद्यार्थ्यांनी भरवलेली सभा

भाषेच्या तासाला वर्गात बोलतो कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते : शिक्षक. धडा तेच वाचतात, अर्थ तेच सांगतात आणि प्रश्नही तेच विचारतात. विद्यार्थ्याने स्वतः निबंध लिहावा, तो सर्वांपुढे वाचावा आणि बरोबरीच्या मुलांनी त्यावर शंका घ्याव्यात, ही कल्पना अनेकांना नवी आणि परदेशी वाटते. पण आपल्याकडे तिला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१३ जून १८४८ रोजी मुंबईत ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थी आणि तेथेच शिकून शिक्षक झालेले तरुण हे तिचे सभासद. प्राध्यापक पॅटन अध्यक्ष होते, पण निबंध लिहिणे, वाचणे आणि त्यावर चर्चा करणे हे काम तरुणांचेच होते. मुंबई विद्यापीठ निघायला तेव्हा आणखी नऊ वर्षे होती. संस्थेच्या नावात साहित्य आणि विज्ञान शेजारीशेजारी आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे. निबंध साहित्याचा असो वा सृष्टिविज्ञानाचा, श्रोता ‘हे कशावरून?’ असे विचारणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे.

इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी लवकरच मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. या सभेच्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाने १८५० ते १८६७ या काळात इतिहास, भूगोल, शास्त्रीय विषय असे कितीतरी ज्ञान मराठीत आणले. जे विचार इंग्रजीत शिकले ते मायबोलीत सांगताना लेखकांना नवे शब्द घडवावे लागले. विषय खरोखर समजला आहे की नाही, याची ती चांगलीच परीक्षा होती.

या सभांमधून नुसते शब्दच बाहेर पडले असे नाही. १८४९ मध्ये गुजराती शाखेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तो ऐकून, नुसती चर्चा पुरे, आता काही करू या, असा आग्रह विशीतल्या दादाभाई नौरोजींनी धरला. सभासद घरोघर फिरले. काहींनी मुलींना ओसरीवर शिकवू दिले, तर काहींनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. त्याच वर्षी ४४ पारशी आणि २४ हिंदू मुलींना घेऊन शाळा सुरू झाल्या. शिकवणारे तरुण आपले नेहमीचे काम सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी विनामूल्य शिकवत. पुढे कामा कुटुंबाने आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी या शाळांना आधार दिला.

या प्रयोगाला मर्यादाही होत्या. धर्म आणि राजकारण हे विषय सभेने चर्चेबाहेर ठेवले होते आणि सभासद इंग्रजी शिकलेल्या थोड्या घरांतलेच होते. ही चौकट मोडणारा निबंध पुण्यातून आला. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन अंकांत छापला. धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाबद्दल तिने थेट प्रश्न विचारले होते. एका शाळकरी मुलीचे हे लेखन आज मराठी साहित्याच्या इतिहासात मानाने वाचले जाते. विद्यार्थ्याला खरा विषय आणि खरा वाचक मिळाला, तर ‘शाळेचा निबंध’ कुठवर जाऊ शकतो, हे त्यावरून कळते.

आज मोहाडीच्या एखाद्या नववीच्या वर्गात असे करायचे ठरवले, तर त्याला पैसा लागणार नाही. बांधी, पऱ्हे, रोवणा, बोडी हे शब्द इथली मुले घरूनच घेऊन येतात. झाडीबोली आणि दंडार यांबद्दल बाहेरून आलेल्या शिक्षकापेक्षा त्यांनाच जास्त माहिती असते. महिन्यातून एक तास असा ठेवावा की, दोन विद्यार्थी आपला निबंध वाचतील, एक विद्यार्थी अध्यक्ष होईल आणि बाकीचे प्रश्न विचारतील. शिक्षकाने मागच्या बाकावर बसावे. विषय निवडायला, पुरावा शोधायला आणि शब्द तपासायला त्याने आधी मदत जरूर करावी. सभा सुरू झाल्यावर मात्र प्रश्नाचे उत्तर स्वतः देण्याचा मोह आवरावा. सुरुवातीला वर्गात शांतता पसरेल. ती थोडा वेळ सहन करावी, कारण पहिला प्रश्न तिच्यातूनच निघणार असतो.