वाघोली

वाघोली : महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्यातील एक ऐतिहासिक गाव व विद्यमान पुणे महानगराचा ईशान्येकडील भाग. ते पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावर पुण्यापासून सु. १५ किमी. अंतरावर वसले आहे. येथील वाघेश्वराचे शिवमंदिर व त्यालगतचा तलाव प्रसिद्ध आहे.

मराठेशाहीत हे गाव जाधवराव घराण्यामुळे नावारूपास आले. हे घराणे सिंदखेडच्या जाधवांच्या कुळातील. छत्रपती शाहूंच्या कारकीर्दीतील सरदार पिलाजी जाधवराव हे पहिल्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू सहकारी होते. महंमदखान बंगशाविरुद्ध छत्रसालास साहाय्य करण्यासाठी निघालेल्या १७२९ मधील बुंदेलखंडाच्या मोहिमेत ते सामील होते. त्यांची समाधी वाघेश्वर मंदिराच्या परिसरात आहे.

पुढे दीर्घकाळ गावाचे स्वरूप कृषिप्रधान राहिले. भोवतालच्या बेसाल्ट खडकामुळे येथे दगडखाणी व खडी फोडण्याचा व्यवसाय वाढला आणि पुण्याच्या बांधकामांस खडीचा पुरवठा होऊ लागला. त्यासाठी दूरवरून आलेली मजूर कुटुंबे खाणींलगतच्या झोपड्यांतून राहू लागली. त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने पाषाण शाळा चालविल्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर–उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने आपद्‌ग्रस्त मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची व निवासाची सोय केली. या कार्याचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र वाघोली येथे आहे.

एकविसाव्या शतकात शेजारच्या खराडी भागात माहिती-तंत्रज्ञान उद्योग वाढला व वाघोलीच्या शेतजमिनींवर बहुमजली गृहसंकुले, महाविद्यालये व गोदामे उभी राहिली. ज्या मार्गामुळे गावाचा विस्तार झाला, तोच वाहतुकीच्या कोंडीचे ठिकाण बनला. घरे झपाट्याने वाढली; तथापि नळपाणी, सांडपाण्याचा निचरा व अंतर्गत रस्ते या सोयी मागे पडल्या आणि अनेक संकुलांना टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले. ग्रामपंचायतीच्या मर्यादित साधनांना हा भार पेलणे अवघड होते.

३० जून २०२१ रोजी राज्य शासनाने २३ गावांचा पुणे महानगरपालिकेत समावेश केला. त्यांत वाघोली हे एक होय. त्यामुळे नागरी सुविधांची जबाबदारी महानगरपालिकेकडे आली. गावाचे नागरीकरण आधी व नगररचना मागाहून, असा क्रम येथे आढळतो. महानगरांच्या सीमेवरील अनेक गावांच्या वाढीचे वाघोली हे बोलके उदाहरण आहे.