२७ जुलै २००५ : चेंबरमध्ये राहिलेले सहा पाणबुडे

२६ जुलै म्हटलं की आपल्या रायगडात जुई आणि दासगावच्या दरडी आठवतात. बोर्ली पंचतनलाही तेच. पण दुसऱ्या दिवशी आपल्याच दर्यात जे झालं, ते त्या पुराखाली दबून गेलं, म्हणून ही पोस्ट.

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, मुंबई हाय तेलक्षेत्रात ओएनजीसीचं ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज डायव्हिंगच्या कामावर होतं. जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली. पावसात हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनने मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवलं. मग निघताना लाटेच्या उसळीत जहाज प्लॅटफॉर्मवरच्या गॅसच्या उभ्या पाइपला धडकलं. आग लागली आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म संपला. ३८४ पैकी २२ माणसं गेली.

जहाजही पेटलं, लोक उतरले. सहा पाणबुडे मात्र आतच राहिले.

ते विसरले गेले असं नाही. खोल पाण्यात दिवसेंदिवस काम करणारे हे लोक जहाजावरही दाबाखालच्या चेंबरमध्येच राहतात. तिथेच जेवण, तिथेच झोप. बाहेर यायचं तर दाब हळूहळू, काही दिवस घेऊन उतरवावा लागतो. १९८३ साली नॉर्वेच्या समुद्रात ‘बायफोर्ड डॉल्फिन’ या रिगवर तो दाब एका क्षणात सुटला आणि पाच जण जागीच गेले. म्हणजे दार उघडून पळणं हा मार्गच नव्हता. आपल्या सहा जणांना ३६ तासांनी वाचवलं. जहाज १ ऑगस्टला बुडालं. मधल्या दिवसांचा हिशेब तुम्हीच करा.

तोवर समुद्रातल्या तेलाच्या कामाला मुख्यतः खाणीचा कायदा लागायचा. समुद्रातल्या कामासाठी वेगळे सुरक्षा नियम आले २००८ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी.

नियमांसोबत सूटही येते. अमेरिकेत धंदेवाईक डायव्हिंगचे नियम १९७७ चे, आणि १९८२ मध्ये शास्त्रज्ञांना त्यातून वगळलं. ऐकायला वाईट वाटतं, पण मला ती सूट पटते, कारण तिची अट चोख आहे : डाइव्हवर देखरेख करणाऱ्या मंडळात बहुमत प्रत्यक्ष पाण्यात उतरणाऱ्यांचं हवं, आणि शेवटचा शब्द त्या मंडळाचा.

आपल्याकडे १३ कामगार कायदे गुंडाळून २०२० ची सुरक्षा संहिता आली. तिच्यातही सरकारला सूट द्यायचा अधिकार आहे. आता प्रश्न साधा आहे : उद्या दिघी बंदरात जहाजाच्या बुडाखाली कुणी पोरगा उतरला, तर ‘आज नको’ म्हणायचा हक्क कुणाचा? त्याचा की ठेकेदाराचा?

तिथे काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर विचारून सांगा.