आजीचा चक्का आणि केटोचा केक

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आजीची पंचाहत्तरी झाली. बाकीची कामं काका-आत्यांनी वाटून घेतली होती, केक माझ्याकडे होता. मी ठरवलं, चीजकेक करायचा. न्यूयॉर्क स्टाइल, वर स्ट्रॉबेरी. ऑनलाइन मागवलेलं क्रीम चीज, चार अंडी, तळ निघणारा टिन, सगळी जय्यत तयारी. केक झालाही छान. मधोमध एक भेग गेली होती, पण ती स्ट्रॉबेरीखाली लपली.

आजीनं केक कापला, नातवंडांना भरवला. मी तिच्यासाठी तुकडा पुढे केला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "अंडं आहे का गं यात?"

आजी अंडं खात नाही हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. रेसिपीच्या नादात तेवढंच डोक्यातून निघून गेलं होतं. "असू दे गं, दिसतोय किती सुंदर," असं म्हणून तिनं टोपलीत उरलेल्या दोन स्ट्रॉबेरी धुऊन खाल्ल्या. स्वतःच्या पंचाहत्तरीच्या केकमधलं तिच्या वाट्याला आलं ते एवढंच.

म्हणून यंदा मी आधीच जाहीर केलं, चक्क्याचा, बिनअंड्याचा चीजकेक करणार. फॅमिली ग्रुपवर अमेरिकेतल्या चुलतभावाचा मेसेज आला, "त्याला चीजकेक म्हणत नाहीत. भाजलेलं श्रीखंड म्हण." खाली तीन हसऱ्या इमोजी.

राग आला. पण खरं सांगायचं तर शंका मलाही होतीच. आपण आजीसाठी खोटा केक करतोय का? मग खरा कुठला? हे शोधायला निघाले आणि थेट रोमला पोचले.

केटो, पण डाएटवाला नव्हे

मार्कस पोर्सियस केटो हा रोममधला अत्यंत कडक म्हातारा. कुठल्याही विषयावर बोलला तरी भाषणाच्या शेवटी 'कार्थेज नष्ट झालंच पाहिजे' असं म्हणायचा, अशी त्याची ख्याती. या माणसानं इसवी सनापूर्वी 160च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात द्राक्षं, ऑलिव्ह, बैलांची औषधं यांच्या जोडीनं चक्क केकच्या रेसिपी आहेत.

एक आहे लिबुम. दोन पौंड ताजं चीज खलात चांगलं रगडायचं, त्यात एक पौंड पीठ घालायचं. केक हलका हवा असेल तर अर्धाच पौंड. एक अंडं घालून गोळा करायचा, खाली पानं ठेवायची आणि गरम चुलीवर मातीच्या झाकणाखाली मंद भाजायचा. हा लिबुम देवांना वाहायचा पदार्थ होता. वाढदिवसाला रोमन माणूस आपल्या रक्षक देवतेला लिबुम अर्पण करायचा. म्हणजे वाढदिवस आणि चीजकेक यांची गाठ दोन हजार वर्षांपूर्वीच पडलेली आहे.

दुसरी रेसिपी सॅविलुमची, आणि ती वाचताना मी उडालेच. अडीच पौंड चीज, अर्धा पौंड पीठ, पाव पौंड मध, एक अंडं. रोमन पौंड साधारण 327 ग्रॅमचा, म्हणजे 800 ग्रॅम चीजला जेमतेम 160 ग्रॅम पीठ. हे प्रमाण आजच्या चीजकेकच्या किती जवळ आहे! तेल लावलेल्या मातीच्या भांड्यात झाकून भाजायचं, वरून मध लावून खसखस पेरायची, पुन्हा थोडा वेळ झाकायचं आणि चमच्यासह वाढायचं. म्हणजे टॉपिंगही आलं. शिवाय केटो बजावतो, मध्यभाग नीट शिजलाय का ते बघा, कारण तिथे मिश्रण सगळ्यांत खोल असतं. ओव्हनच्या काचेला नाक लावून 'मधलं अजून हलतंय का' बघणाऱ्या प्रत्येकाला ही काळजी ओळखीची वाटेल.

केटोकडे क्रीम चीज नव्हतं. जे होतं ते ताजं, घरचं चीज.

ज्या गावचं दूध, त्या गावचा केक

तिथून पुढे यायला लागलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांची 'द फॉर्म ऑफ क्युरी' ही पाककृतींची वही 1390च्या आसपासची. तिच्यात 'सॅम्बोकेड' नावाचा पदार्थ आहे. फाटलेल्या दुधातलं पाणी पिळून काढायचं, चोथा गाळणीतून घासून घ्यायचा, त्यात साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि एल्डरच्या झुडपाची फुलं घालायची आणि पिठाच्या पारीत भाजायचं. सोबत गुलाबपाणी. पाणी पिळायचं आणि चाळणीतून घासायचं! आमच्या घरी श्रीखंडाच्या आदल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी नेमकं हेच चाललेलं असतं.

जर्मनीत चीजकेकला क्वार्क लागतो, पोलंडमध्ये त्वारोग, इटलीत रिकोटा. आपल्याकडे ओडिशात छेना आणि साखर सालाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर सावकाश भाजतात. त्या छेनापोड्याचा रोमशी काही संबंध नाही, पण केटोला त्याची पानं आणि मंद आच बघून परकं वाटलं नसतं.

मग 'असली' न्यूयॉर्क चीजकेक आला कुठून? 1880च्या दशकापासून 1924 साली कायद्यानं दारं आवळली जाईपर्यंत पूर्व युरोपातले वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. शावुओत या त्यांच्या सणाला दुधाचे पदार्थ करायची रीत आहे, त्यामुळे चीजचा केक त्यांच्या ओळखीचाच होता. नव्या देशात त्यांना हाताशी मिळालं ते क्रीम चीज.

या क्रीम चीजची गोष्ट तर मी दादाला मुद्दाम पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावचा विल्यम लॉरेन्स हा गवळीधंद्यातला माणूस न्यूशातेल हे फ्रेंच चीज बनवत होता. 1872च्या सुमारास त्यानं त्यात जास्तीची मलई घातली आणि निघालं ते क्रीम चीज. 1880मध्ये एका व्यापाऱ्यानं त्याला 'फिलाडेल्फिया' नाव दिलं, ते तिथे बनायचं म्हणून नव्हे, तर फिलाडेल्फियाच्या दुधदुभत्याचं नाव मोठं होतं म्हणून. म्हणजे ज्याच्याशिवाय चीजकेक 'खरा' होत नाही म्हणतात, ते चीज फ्रेंच चीजची अमेरिकन आवृत्ती आणि त्याचं नाव दुसऱ्याच गावाचं!

वरचं फळही तसंच. 1921मध्ये ब्रॉडवेवर लिंडीज नावाचं रेस्टॉरंट उघडलं आणि त्याचा स्ट्रॉबेरी लावलेला चीजकेक नाटकवाल्यांत गाजला. फळाला तिथे काम होतं. इतक्या स्निग्ध पदार्थाचे दोन घास खाल्ले की जीभ थकते, आंबट फळ ती पुन्हा जागी करतं. तळाच्या बिस्किटाबद्दलही एकमत नाही. 1950पासून ब्रुकलिनमध्ये असलेल्या ज्युनियर्सच्या चीजकेकखाली तर बिस्किट नसतंच, स्पंज केक असतो.

यंदाचा फेब्रुवारी

मी दीड लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावलं. ते आंबायच्या आत आजीच्या जुन्या मलमलच्या पंचात बांधून रात्रभर नळाला टांगलं. सकाळी अर्धा किलोच्या आसपास चक्का निघाला. आजीनं तो पुरणयंत्रातून काढून दिला, मला हात लावू दिला नाही.

तळाला मारी बिस्किटं आणि लोणी. मारी लंडनमध्ये पहिल्यांदा बनलं ते 1874 साली रशियाची राजकन्या मारिया आणि इंग्लंडचा राजपुत्र यांच्या लग्नानिमित्त. रोज चहात बुडवतो ते मुळात खास प्रसंगाचंच बिस्किट! चक्क्यात कंडेन्स्ड मिल्क, थोडी साय आणि अंड्याचं काम करायला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. मिश्रण जोरात फेटलं नाही, कारण आत हवा गेली की केक आधी फुगतो, मग बसतो आणि तडकतो. टिन गरम पाण्याच्या परातीत ठेवून 150 अंशांवर पाऊण तास भाजला आणि ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवून आतच गार होऊ दिला. मागच्या वर्षी मी घाईनं बाहेर काढला होता, भेग त्याचीच.

भाजत असताना आजी दोनदा येऊन गेली. "मधे बघ गं, मधेच कच्चं राहतं," म्हणाली. तिनं आयुष्यात कधी केक केलेला नाही.

रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घातली. निम्मी साखर आणि लिंबू घालून जरा शिजवलेली, निम्मी ताजी. 2010 साली या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आजीला ती 'आपल्या साताऱ्याची' म्हणून आवडते. तिला मानांकनाची गरज पडलेली नाही.

चव न्यूयॉर्कसारखी नव्हती. किंचित आंबूस होती, पोत जरासा रवाळ. दादाला व्हिडिओ कॉलवर तुकडा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मे महिन्यात येतोय, तेव्हा कर."

"तेव्हा स्ट्रॉबेरी नसते, आंबा असेल," मी म्हटलं.

आजीनं पहिला तुकडा संपवला आणि दुसरा मागितला. तोही अर्धा झाल्यावर चमचा थांबवून म्हणाली, "सगळं छान आहे. पण जायफळ कसं नाही घातलंस?"