रविवारची मोजणी

१९६० सालातला रविवार. टोरांटोच्या ओंटारियो कॅन्सर इन्स्टिट्यूटला सुट्टी, पण डॉ. अर्नेस्ट मॅक्युलक कामावर आलेत आणि तुम्ही त्यांच्या खांद्यामागून डोकावताय. समोर उंदरांच्या प्लीहा आहेत. दहा दिवसांपूर्वी या उंदरांची अस्थिमज्जा किरणांनी मारली होती. मग शिरेतून दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या, कुणाला कमी, कुणाला जास्त.

प्लीहेवर गाठी आल्यात. मोजा. टोचलेल्या दर दहा हजार पेशींमागे साधारण एक गाठ. मॅक्युलक ठिपके मांडतात, ते सरळ रेषेत बसतात. सोमवारी हा आलेख जेम्स टिल यांच्यापुढे जाईल. ते भौतिकशास्त्राचे, त्यांना सरळ रेषेचं मोल सांगावं लागत नाही. एकेक गाठ म्हणजे एकाच पेशीचा वंश, हे त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू बेकर १९६३ मध्ये दाखवून देईल.

पण जिच्यापासून गाठ वाढली ती मूळपेशी तुम्हाला दिसलेली नाही. उगवलेली रोपं मोजून पेरलेल्या बियांचा अंदाज बांधावा, तसा हा हिशेब. त्यातही टोचलेल्या सगळ्या मूळपेशी प्लीहेत पोचत नाहीत, म्हणजे आकडा कमीच भरणार.

माणसाच्या पेशींसाठी प्लीहेतली ही मोजणी कामाची नाही. मधल्या काळात संशोधक बशीत पेशींच्या वसाहती वाढवून मोजायला शिकले, पण त्यालाही दोनेक आठवडे लागतात. प्रत्यारोपणासाठी पेशी द्यायला रुग्ण खुर्चीत बसलाय, तोवर थांबणार कोण?

१९९८, पुन्हा टोरांटो. रुग्णाच्या रक्तातून यंत्राने पेशी गोळा होतायत आणि नमुना तुमच्या हातात. त्यात दोन चमकत्या खुणा घाला: सीडी४५ पांढऱ्या पेशींवर बसते, सीडी३४ मोजक्याच पेशींवर, त्यांत मूळपेशी येतात. लेझरसमोरून पेशी एकेक करून जाते, पडद्यावर ठिपका उमटतो. गफलत इथेच होते: मेलेल्या पेशीही खूण चिकटवून घेतात. रॉबर्ट सदरलंड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आखलेली चाळणी म्हणून एवढी कडक. सीडी३४ हवी, सीडी४५ फिकी हवी, पेशी लहान आणि आतून नितळ हवी. सोबत मोजून टाकलेले चमकते मणी असतात. मणी किती दिसले त्यावरून पेशी किती, ते निघतं.

तरी खुणेची प्रत्येक पेशी मूळपेशी नसते, बहुतेक तिच्या लेकी-नातीच. पेशी पुरेशा आहेत का, ते डॉक्टर त्यावरच ठरवतात, दुसरं हाताशी काही नाही. किमान हवेत वजनाच्या किलोमागे २० लाख. ६० किलोच्या माणसाला १२ कोटी. तुमच्या मोजणीत ९ कोटी भरले.

उद्या त्याला पुन्हा यंत्रावर बसावं लागेल.