कोल्हापूर ते मुंबई : अंतर एक, उत्तरे तीन

‘कोल्हापूर ते मुंबई अंतर किती?’ असे वर्गात विचारले तर तीन उत्तरे येऊ शकतात आणि तिन्ही बरोबर असतात. रेल्वेने पाचशे कि.मी.हून अधिक, रस्त्याने सुमारे ३८०. तिसरे उत्तर नकाशावरून आपणच काढू. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत सुमारे २.४ अंशांचा फरक आहे, रेखांशांत १.४ अंशांचा. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी., रेखांशाचा सुमारे १०६. काटकोन त्रिकोणाच्या बाजू झाल्या २६६ आणि १४८. कर्ण येतो सुमारे ३०५ कि.मी. एवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई फारशी आड येत नाही.

मग रेल्वेचा आकडा एवढा मोठा का? १८७४ साली कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात शाहू महाराजांचा जन्म झाला, तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती. १८९१ साली ती आली, ती मिरजेहून. म्हणून मुंबई उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला असूनही कोल्हापूरची गाडी आधी पूर्वेला मिरजेकडे धावते. शिवाय हा मार्ग मीटरगेजचा होता. १९७१च्या सुमारास तो ब्रॉडगेज होईपर्यंत मुंबईच्या उतारूंना पुण्यात गाडी बदलावी लागे. प्रवासाचा वेळ इंजिनाच्या वेगाइतकाच अशा सांध्यांवर ठरतो.

विमान तरी सरळ जात असेल? शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, उजळाईवाडीला विमानतळ झाला. पुढे मुंबईची सेवा कधी चालू, कधी बंद अशी राहिली. २०१८ साली ‘उडान’ योजनेखाली ती पुन्हा सुरू झाली. तेव्हा या मार्गावर चालणारे पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने उडे. ३०५ला ५०० ने भागले की ३७ मिनिटे येतात. वेळापत्रकात मात्र साधारण तासाभराचा वेळ दिलेला असतो.

वेळापत्रक चुकलेले नाही. त्यातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वळसा घेणे, मुंबईच्या गर्दीत आपल्या पाळीची वाट पाहणे, हे सारे त्यात येते. पूर्ण वेग मधल्या थोड्याच वेळात मिळतो. आणि बावड्याचा प्रवासी त्याआधीच शहर ओलांडून आग्नेयेला, म्हणजे मुंबईच्या उलट दिशेला, उजळाईवाडीपर्यंत गेलेला असतो!

पाठ्यपुस्तकातले ‘अंतर भागिले वेग’ हे सूत्र खोटे नाही. ते एकसारख्या वेगाच्या प्रवासाचे आहे. मुलांना आपल्या शाळेच्या दारापासून मुंबईपर्यंतचा प्रवास तुकड्यातुकड्यांनी मांडायला सांगावे. प्रत्येक तुकड्याचे अंतर, वेळ आणि वेग वेगळा लिहावा, थांबण्याचा वेळही लिहावा. सरासरी वेग म्हणजे काय ते तक्त्यातूनच कळेल. मग आणखी एक प्रश्न विचारावा : वेळ वाचवायचा तर यांतला कोणता तुकडा आधी सुधारावा? बहुतेकदा उत्तर विमानाच्या वेगात सापडत नाही.