‘सौम्य’ अर्बुद : जबड्याच्या एका गाठीच्या नामकरणाचा इतिहास

रोगाच्या नावावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी, अशी अपेक्षा असते. ती पुरी होतेच असे नाही. आज ‘अमेलोब्लास्टोमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जबड्याच्या अर्बुदाच्या बाबतीत तर जवळजवळ प्रत्येक नावाने काही ना काही गैरसमज मागे ठेवला आहे.

या अर्बुदाचे पहिले वर्णन १८२७ मध्ये कुसॅक याने केले, असे सामान्यतः मानले जाते. १८८५ मध्ये फ्रान्समधील मालासे याने दातांच्या मुळांभोवती उरणारे पेशींचे अवशेष वर्णिले आणि या गाठीला दंतवल्कावरून नाव दिले. त्यातूनच पुढे ‘अडमँटिनोमा’ हे नाव रूढ झाले. त्याच्या मुळाशी ‘अजिंक्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. दाताचे वरचे कवच शरीरात सर्वांत कठीण, म्हणून ही उपमा. परंतु या गाठीत दंतवल्क मुळी तयारच होत नाही. तिच्या पेशी दंतवल्क घडविणाऱ्या पेशींसारख्या दिसतात, एवढेच. पुढे १९१३ मध्ये नडगीच्या हाडातील एका निराळ्याच अर्बुदासही हेच नाव मिळाले आणि गोंधळ वाढला. १९३० मध्ये आयव्ही व चर्चिल यांनी ‘अमेलोब्लास्टोमा’ हे नाव पुढे केले. यातील ‘अमेल’ म्हणजे धातूवर चढवितात तो मिना. हे नाव टिकले. कारण ते पदार्थावरून नव्हे, पेशीवरून पडले होते.

गाठीचे वर्तन मात्र नावात कोठेच नाही. बहुतेक गाठी खालच्या जबड्यात, दाढांच्या व त्यामागील भागात होतात. रोगी बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यानचा असतो. वाढ सावकाश, वेदना नगण्य. गाल सुजल्यासारखा दिसू लागतो, दात हलतात, आणि हाड फारच पातळ झाले तर दाबल्यावर अंड्याच्या टरफलासारखे करकरते. क्ष-किरणचित्रात साबणाच्या बुडबुड्यांसारखे कप्पे दिसतात. तथापि न उगवलेल्या दाढेभोवतीची साधी पुटीही असेच चित्र देऊ शकते. म्हणून तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे जे लक्षण दिले आहे, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही : गोल, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे व न पिकणारे. त्यावरून सुश्रुताला हीच गाठ ठाऊक होती असे म्हणणे अर्थातच धाडसाचे होईल. तसा मोह आवरावा. परंतु चिकित्सास्थानात दिलेला इशारा, की अर्बुदाचा अंश शिल्लक राहिला तर ते पुन्हा वाढते, या गाठीस अक्षरशः लागू पडतो. तिचे कोंब क्ष-किरणचित्रात दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे, हाडाच्या जाळीदार भागात शिरलेले असतात. रूढ प्रकारची गाठ नुसती खरवडून काढली तर निम्म्याहून अधिक रोग्यांत ती परतल्याच्या नोंदी आहेत. म्हणून दृश्य कडेपलीकडील एक ते दोन सेंटीमीटर निरोगी हाडासह ती कापून काढतात. तरुणांत आढळणाऱ्या एककोष्ठी प्रकारात, ज्याचे वेगळेपण १९७७ मध्ये रॉबिन्सन व मार्टिनेझ यांनी दाखविले, काही वेळा सौम्यतर उपाय पुरतो. १९८९ पासून फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचे बारीक हाड, रक्तवाहिन्यांसह आणून जबडा उभारण्याची पद्धती रूढ झाली. नडगीने ज्या नावात गोंधळ घातला, त्या रोगाची भरपाई तिच्या शेजारणीने करावी, हा योगायोग मौजेचा खरा. २०१४ मध्ये यांपैकी बऱ्याच गाठींत ‘ब्राफ’ जनुकातील उत्परिवर्तन आढळले; त्यावर चालणारी औषधे निवडक रोग्यांत वापरली गेली आहेत.

आता ‘सौम्य’ या शब्दाकडे वळावे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सुस्वभावी’. त्याचा ‘सौम्य’ हा मराठी पर्याय शब्दशः बिनचूक आहे. पण मराठीत ताप सौम्य असतो, औषध सौम्य असते. म्हणजे आपोआप निवळणारे किंवा न बोचणारे. हाड पोखरणाऱ्या, पुन्हा उद्भवणाऱ्या गाठीला तो शब्द लागला, की वैद्याच्या मनातील ‘शरीरात अन्यत्र सहसा न पसरणारी’ हा अर्थ रोग्यापर्यंत पोहोचत नाही.

जालन्याच्या संदर्भात हा प्रश्न कोरड्या परिभाषेचा राहत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भाषांतर-विभागाने शास्त्रांची परिभाषा घडविली ती उर्दूत, आणि उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही त्याच भाषेत चाले. उर्दूत गाठ ती ‘रसौली’; घरात मात्र ‘आवाळू’ नाहीतर नुसती ‘गाठ’. शास्त्राची मराठी येथे उशिरा आली. जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबादपासून वेगळा झाला. दंतशस्त्रक्रियेच्या मोठ्या उपचारांसाठी मात्र सुमारे ६० किलोमीटरवरील त्याच शहराची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, वाट धरावी लागत आली. गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाची धास्ती घरोघर आहे. गालावर सूज आली की पहिला प्रश्न ‘कॅन्सर तर नाही?’ हाच. ‘नाही, गाठ सौम्य आहे’ हे उत्तर ऐकले, की पुढच्या खेपेचे भाडे वाचविणे कोणत्याही शहाण्या कुटुंबाला योग्यच वाटेल. या रोगात मात्र शस्त्रक्रियेनंतर किमान दहा वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते, कारण गाठ कित्येकदा पाच वर्षे उलटल्यावरही परतते. ‘स्थानिक पण परतणारी गाठ’ असे चार शब्द रोग्याच्या कागदावर लिहिले, तर ते परिभाषेच्या दृष्टीने ओबडधोबड ठरतील; पण पुढची तारीख कशासाठी दिली आहे, हे त्यांतून वाचणाऱ्यास कळेल.