नेवाळीची धावपट्टी आणि मित्राची एमजी

बदलापूरच्या माझ्या एका मित्राकडे 1948 सालची एमजी टीसी आहे. घेतली तेव्हा निव्वळ सांगाडा होता. या गाडीच्या पत्र्याखाली लाकडी चौकट असते, ती पार कुजलेली. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या एका मिस्त्रीने ती सागवानात नव्याने करून दिली. कंपनीने ॲश लाकूड वापरलं होतं, पण सागवान काय वाईट?

परवा चहा पिताना तो म्हणाला, "नेवाळीची धावपट्टी पडून आहे. वर्षातून एकदा जुन्या गाड्यांची शर्यत भरवू या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

कल्पना वेडगळ नाही हो. हौशी लोकांची मोटार शर्यत महायुद्धानंतर वाढली ती ओसाड विमानतळांवरच. आज जगप्रसिद्ध असलेलं सिल्व्हरस्टोन हा बॉम्बर विमानांचा तळ होता. 1947 साली दहा-बारा मित्र आपापल्या गाड्या घेऊन तिथे गुपचूप घुसले आणि शर्यत लावली. मध्येच एक मेंढी आडवी आली. मेंढी मेली, गाडीही गेली. ती शर्यत अजून 'मटण ग्रां प्री' म्हणून ओळखली जाते. पुढच्याच वर्षी तिथे रीतसर ग्रां प्री झाली! आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती रंगल्या. जुहूच्या विमानतळावरही झाल्या. टीसी अशाच हौशी मालकांची गाडी. 1250 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 54 अश्वशक्ती. आठवडाभर कामावर न्यायची, रविवारी शर्यतीत पळवायची.

पण आपल्या भागात युद्धाने मागे ठेवलेल्या जागांचं काय झालं? कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहिली, आणि 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार चालले होते. स्पोर्ट्स गाडीचा विचार कोणाच्या डोक्यात येणार?

नेवाळीची गोष्ट वेगळी. ती जमीन ओसाड नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने धावपट्टीसाठी नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांतली शेतं घेतली. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळायला हवी होती, असं शेतकरी तेव्हापासून सांगतायत. नौदल म्हणतं जमीन संरक्षण खात्याची. जून 2017 मध्ये कुंपणाच्या भिंतीवरून आंदोलन पेटलं, रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या. आपल्यापैकी बरेच जण त्या दिवशी मलंगगड रस्त्याच्या कोंडीत अडकले असतील. ज्या मातीवर तिसरी पिढी हक्क सांगतेय, तिला 'पडून आहे' म्हणणं मला आता जड जातं.

आणि कायदा? 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये. मग ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

मित्राला हे सगळं सांगितलं. म्हटलं, शर्यत भरवायचीच तर आधी भालच्या म्हाताऱ्यांना जाऊन विचार. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जाऊ की. तसाही दोनपैकी एक कार्ब्युरेटर अजून मिळायचाय."